इदलकांवच्या वाड्यात माझं टेबल होतं: पणजीच्या गाइडांना खुलं पत्र

प्रिय गाइड मंडळींनो,

हातातली मिटलेली छत्री झेंड्यासारखी उंच धरून तुम्ही रोज मांडवीच्या काठाने पाहुण्यांचे घोळके नेता. मी बेतीहून फेरीने पणजीला येते, त्यामुळे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना चेहऱ्याने ओळखते. तुम्ही मला ओळखायचं काही कारण नाही. बँकेतलं काम आटोपून जुन्या सचिवालयासमोर, म्हणजेच इदलकांवच्या (आदिलशहाच्या) वाड्यासमोर, दम खात थांबलेली एक म्हातारी, एवढीच माझी ओळख.

गेल्या महिन्यात अशीच थांबले होते. तुमच्यातला एक तरुण मुलगा साताऱ्याकडच्या पंधरावीस माणसांना माहिती देत होता. मराठी छान, आवाज खणखणीत. चार मिनिटांत त्याने जे सांगितलं ते असं: आदिलशहाने हा वाडा पाच राण्यांसाठी बांधला, पाच म्हणून पंच आणि पंच म्हणून पणजी. वाड्याखालून भुयार निघतं ते नदीच्या तळातून थेट रेईश मागूशच्या किल्ल्यात. पोर्तुगीजांनी इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मद्रोहाचे, खटले चालवले ते इथेच. आणि शेजारचा हा पुतळा, पाद्री बाईचा गळा दाबतोय बघा. सगळ्यांचे मोबाइल वर झाले, फोटो निघाले. घोळक्यात नऊवारीतल्या एक आजी होत्या. त्यांनी विचारलं, "आणि त्यानंतर? आत्ता आत्तापर्यंत काय होतं हितं?"

"नंतर काही नाही आजी. जुनं ऑफिस होतं."

आणि घोळका पुढे गेला.

त्या जुन्या ऑफिसात मी 1974 पासून टाइप करत होते. पहिल्या मजल्यावर, नदीकडच्या अंगाला, रेमिंग्टनच्या मराठी यंत्रावर. म्हणून हे पत्र.

आधी माझी कबुली देते, म्हणजे तुम्हाला राग येणार नाही. नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली असतील. नणंदेकडचे पाहुणे कोल्हापूरहून आले होते आणि मी त्यांना मोठ्या तोऱ्यात माझं ऑफिस दाखवायला नेलं. त्यांनी भुयाराचं विचारलं. भुयार नाही म्हणायला मला लाज वाटली. मी त्यांना जिन्याखालची अडगळीची खोली उघडून दाखवली आणि म्हटलं, "इथून सुरू होतं, पण सरकारने बुजवलंय." आत दोन झाडू, एक पाय मोडलेली खुर्ची आणि फिनेलची बाटली होती. पाहुण्यांनी खोलीला नमस्कार केला. आजही कोल्हापुरात कुणीतरी ते भुयार पाहिल्याचं सांगत असेल, आणि ते पाप माझं आहे.

भुयार नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. इमारतीसमोर रस्ता, रस्त्याला लागून नदी. आमच्याकडे पावसाळ्यात मोठी भरती असली की गटारातलं पाणी उलटं रस्त्यावर येतं. असल्या जमिनीत खणलेलं भुयार चार दिवसांत विहीर होईल. तरी कोकणात आणि गोव्यात भुयाराशिवाय जुनी वास्तू पुरी होत नाही. माणसाला एवढा मोठा वाडा बघून वाटतं की आतल्यांना पळायला वाट असणारच. ती गोष्ट सांगायला माझी ना नाही. फक्त "लोक असं सांगतात" हे तीन शब्द आधी जोडा. त्याने गोष्टीची चव वाढते, कमी होत नाही.

पाच राण्यांचंही तेच. पाच महालांवरून पणजी, ही व्युत्पत्ती छापील पुस्तकांतही सापडते. पण आदिलशहाच्या कितीतरी आधी, कदंबांच्या काळच्या लेखात हे गाव पहजणी-खळी अशा नावाने येतं. खळी म्हणजे खाडीचं पाणी शिरतं ती जागा. पाऊस पडल्यावर पणजीत कुठे कुठे पाणी साठतं ते पाहिलंत तर हे नाव पाच राण्यांपेक्षा जास्त पटेल. आणि मराठी पाहुणे असतील तर आजीची आई ती पणजी, हा विनोद ते स्वतःच करतात. करू द्या.

दोन वाड्यांची गल्लत मात्र टाळा, ती फार होते. जुन्या गोव्यात सेंट कायतान चर्चच्या आवारात काळ्या दगडाची एक नक्षीदार चौकट उभी आहे. ती तिथल्या आदिलशाही वाड्याची म्हणून सांगतात आणि तिच्यावरचं काम बघून देवळाची आठवण होते. तो वाडा वेगळा, हा वेगळा. इन्क्विझिशन 1560 ते 1812 चालली (मधली थोडी वर्षं बंद होती), तिचं ठाणंही जुन्या गोव्यातच. पणजी तेव्हा कुठे होती? माडांची, दलदलीची, कोळ्यांच्या झोपड्यांची एक पट्टी, आणि तिच्या टोकाला नदीवर नजर ठेवणारा हा कोट. यूसुफ आदिलशहाने तो 1500 च्या आसपास बांधला. सगळीकडे सांगतात ते असं, की त्याला खाऱ्या पाण्याचा खंदक होता आणि 55 तोफा होत्या. खंदक आता शोधून सापडत नाही.

यूसुफची स्वतःची गोष्ट तुम्ही का सांगत नाही, हे मला कळत नाही. फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवलंय की तो तुर्कस्तानच्या सुलतानाचा मुलगा. गादीसाठी भाऊ भावाला मारतो म्हणून आईने त्याच्या जागी दुसरं मूल दाखवून त्याला परदेशी धाडला, आणि तो गुलाम म्हणून विकला जाऊन दख्खनमध्ये बहामनी वजीर महमूद गवानाच्या पदरी आला. आजचे अभ्यासक यावर विश्वास ठेवत नाहीत. ठेवू नयेत. पण यूसुफने मुकुंदराव नावाच्या मराठा सरदाराच्या घरातली मुलगी केली, ती पुढे बुबूजी खानम झाली आणि तिचा मुलगा इस्माइल विजापूरच्या गादीवर बसला, हे सांगितलंत तर साताऱ्याच्या आजी कान टवकारतील. त्यांच्याच मुलखातल्या माहेराची गोष्ट आहे ती.

आदिल खानाचं पोर्तुगीज जिभेवर इदलकांव झालं आणि वाड्याचं पालासियु दु इदलकांव. साडेचारशे वर्षं राज्य केलं, पण घराला नाव हरलेल्या शत्रूचंच ठेवलं. आमच्या बेतीची जुनी माणसं नुसतं "पालास" म्हणायची. "खंय वता गो?" "पालासांत."

आता 1510. हा भाग तुम्ही दोन वाक्यांत उरकता, आणि खरी गोष्ट इथेच आहे. पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कचं आरमार फेब्रुवारीत मांडवीत शिरलं, त्याच्या भाच्याने, आंतोनियु द नोरोन्याने, पणजीचा हा कोट घेतला आणि शहर जवळजवळ न लढता हाती आलं. एवढ्यावर संपलं असतं. पण मेमध्ये आदिलशहाची मोठी फौज उलटून आली आणि महिनाअखेरीला पोर्तुगीजांना शहर सोडून गलबतांवर पळावं लागलं. पळाले खरे, पण जाणार कुठे? मे सरता सरता गोव्यात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. नदीच्या मुखाशी लाटा फुटायला लागतात, वाळूचा दांडा गलबत बाहेर जाऊ देत नाही. आमचे रापणकार जूनमध्ये होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारतात ते काही हौस म्हणून नव्हे. आल्बुकर्कला हे शहाणपण नव्हतं. मग ऑगस्टपर्यंत ही सगळी गलबतं मांडवीत अडकून पडली. पणजीच्या कोटातल्या तोफा त्यांच्यावर डागल्या जात होत्या आणि वरून आपला पाऊस कोसळत होता.

अन्न संपलं. उंदीर खाल्ले, पेट्यांवरची कातडी उकडून खाल्ली, असं त्यांच्याच बखरकारांनी लिहिलंय. त्यातली एक आख्यायिका मला फार आवडते. आदिलशहाने म्हणे होडी भरून धान्य पाठवलं, की तुम्हाला भुकेने मारण्यात मला रस नाही, लढून मारीन. आणि आल्बुकर्कने उरलासुरला दारूचा पिंप आणि बिस्किटं डेकवर मांडून दूताला दाखवली, की आमच्याकडे भरपूर आहे, घेऊन जा परत. पोटात कावळे ओरडत असताना! खरं किती, खोटं किती, देव जाणे. पण याच पावसात त्यांनी रात्री किनाऱ्यावर उतरून या कोटावर हल्ला केला आणि तोफा उचलून नेल्या, हे इतिहासात आहे. गलबतावर कैदेत ठेवलेल्या मुसलमान मुलींकडे चोरून जाणाऱ्या रुय दियश नावाच्या एका सरदाराला आल्बुकर्कने त्याच दिवसांत फासावर दिलं, हेही आहे. नोव्हेंबरच्या 25 तारखेला, सेंट कॅथरीनच्या दिवशी, ते परत आले आणि मग 1961 पर्यंत हलले नाहीत.

जूनमध्ये पाहुणे येतात, पावसाला कंटाळून हॉटेलात बसतात. त्यांना छत्र्या देऊन नदीवर आणा आणि ही गोष्ट भिजत सांगा. पाऊस तुमचं अर्धं काम करील.

पुढची अडीचशे वर्षं थोडक्यात जाऊ द्या. लिस्बनहून सहासहा महिने समुद्र काढून आलेला नवा व्हाइसरॉय जुन्या गोव्यात वाजतगाजत शिरण्याआधी इथे उतरायचा, कपडे बदलायचा, जुन्याची पाठ वळायची वाट बघायचा. मग जुन्या गोव्यात रोगराई एवढी झाली की माणसं टिकेनात. 1759 मध्ये कोंदी द एगा या व्हाइसरॉयने बिऱ्हाड इथेच हलवलं आणि कोटाचा राजवाडा झाला. 1843 मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली, नाव पडलं नोव्हा गोवा. 1918 मध्ये गव्हर्नर काबोच्या टोकावर राहायला गेला आणि इथे कचेऱ्या उरल्या. व्हाइसरॉयांची जी चित्रं बघायला तुम्ही पाहुण्यांना जुन्या गोव्याच्या संग्रहालयात नेता, ती पूर्वी इथेही होती. माझ्या वेळी नव्हती. आमच्या भिंतीवर गांधीजी होते आणि पाल होती.

पुतळ्याचं मात्र मनावर घ्या. तो पाद्री गळा दाबत नाही. कांदोळीत 1756 साली जन्मलेला तो जुझे कुस्तोदियु फारिया, आबे फारिया, आणि तो समोरच्या बाईला संमोहनाने निजवतोय. माणूस स्वतःच्या मनाच्या सूचनेने निजतो, निजवणाऱ्याच्या अंगात कसली विजेसारखी शक्ती नसते, हे त्याने पॅरिसमध्ये ठासून सांगितलं तेव्हा लोक हसले. आज डॉक्टर तेच म्हणतात. पुतळा 1945 चा आहे, आणि घडवला मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी. कांदोळीचा ख्रिस्ती पाद्री, घडवणारा मडकईचा कामत, आणि राज्य पोर्तुगीजांचं! एवढी ओळ जरी बोललात तरी पाहुण्याला गोवा थोडा कळेल.

आणि भाजीची गोष्ट? ती गोव्यात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. तरुण फारिया लिस्बनला राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला, समोरचा दरबार बघून वाचा बसली. तेव्हा खाली बसलेला बाप, कायतान व्हितोरीनु, हळूच कोकणीत म्हणाला, "ही सगळी भाजी. कातर रे भाजी!" आणि पोरगा सुटला. घडलं असेल की नसेल, पण आमच्या ऑफिसात ही गोष्ट रोज घडायची. नवीन मुलगी सचिवांच्या केबिनमध्ये डिक्टेशनला जायची, पाय लटपटायचे. मागून कुणीतरी कुजबुजायचं, "कातर गो भाजी!" मी स्वतः पहिल्या दिवशी ते ऐकलंय. त्यावर मला एवढं हसू आलं की साहेबांना वाटलं, मुलगी वेडी आहे.

आता "जुन्या ऑफिसा"कडे येते.

इमारत बाहेरून दिसते तेवढी दणकट आतून वाटायची नाही. चिऱ्याच्या जाड भिंती, वर लाकडी व्हरांडे, कौलं. जमीन लाकडाची. आम्ही सहा जणी एकदम टाइप करायला लागलो की खालच्या मजल्यावरच्यांच्या टेबलावर भुसा पडायचा आणि त्यांचा शिपाई निरोप घेऊन यायचा, "बायांनो, जरा सावकाश हाणा." जुलैत कागद एवढा ओलसर व्हायचा की कार्बन चिकटून बसायचा आणि चौथी प्रत वाचताच यायची नाही. मी कोऱ्या कागदांचा गठ्ठा टेबल-लँपखाली ठेवून शेकायची. फायलींना वास यायचा तो अजून माझ्या नाकात आहे. बुरशी, गोंद, आणि खिडकीतून येणारा नदीचा गाळ, ओहोटीच्या वेळचा.

या लाकडी जमिनीने आम्हाला आमचं भूतही दिलं. रात्रपाळीचा एक म्हातारा शिपाई सांगायचा, की बारा वाजून गेले की गोव्हेरनादोर बूट घालून व्हरांड्यात फिरतो. टक्, टक्, मग थांबतो, मग पुन्हा टक्. विधानसभेचं अधिवेशन चालू असलं की आम्हाला रात्री उशिरापर्यंत थांबावं लागे. अशाच एका रात्री मी एकटी होते आणि मला ते ऐकू आलं. टक्. थांबलं. टक्. मी यंत्रावरचा हात उचलला नाही, मान वळवली नाही. नंतर धीर करून कंदील, म्हणजे टॉर्च, घेऊन गेले, तर कुणी नाही. दिवसभर शंभर माणसांच्या पायाखाली दबलेल्या फळ्या रात्री गारव्याने एकेक करून जागेवर येत होत्या. मी हे शिपाईमामांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, फळ्या तर आहेतच. पण फळ्यांना चालवतो कोण?" यावर मला आजपर्यंत उत्तर सुचलेलं नाही. ही गोष्ट कुठल्याच पुस्तकात नाही. तुम्हाला देते, वापरा.

पण याच इमारतीत 9 जानेवारी 1964 ला गोव्याची पहिली विधानसभा बसली, हे तुम्ही सांगत नाही. जिथे व्हाइसरॉय हुकूम काढत होते तिथे मतांनी निवडून आलेली माणसं बसली. पां. पु. शिरोडकर सभापती, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री, समोर विरोधी बाकावर जॅक सिक्वेरा. दारावरचं व्हाइसरॉयचं राजचिन्ह जाऊन तिथे अशोकचक्र आलं. पुढच्या वेळी पाहुण्यांना मान वर करून ते दाखवा, लोक त्याच्या खालून जातात आणि बघत नाहीत.

गोव्याच्या महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाचा वाद याच छपराखाली पेटला. जनमत कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकरांचं सरकार बाजूला झालं आणि 16 जानेवारी 1967 ला मतदान झालं. फूल म्हणजे महाराष्ट्रात, दोन पानं म्हणजे वेगळं. मी शाळेत होते. आमच्या घरातलं मत फुलाला गेलं. पानांना 1,72,191, फुलाला 1,38,170. वडील दोन दिवस जेवले नाहीत. आज मला विचाराल तर पानं जिंकली ते बरं झालं, असं मी म्हणते, आणि मराठीतच म्हणते. वडील असते तर त्यांनी मला पाटाने मारलं असतं.

वडिलांचं सांगते. ते पाडेली होते, भाटकाराच्या माडांवर चढून नारळ पाडायचे. आमचं घरही भाटकाराच्याच जमिनीत. घर आमचं, जमीन त्याची. मुंडकार म्हणतात ते आम्ही. भाटकाराची मर्जी फिरली की घराची कौलं काढून घ्यायची आणि दुसरी जागा शोधायची. लग्न असलं तरी आधी त्याला विचारायचं, न्हाणीघराची भिंत पडली तर ती बांधायलाही विचारायचं. वडिलांनी पालास आयुष्यभर नदीपलीकडून बघितला होता. माझ्या नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात एके दिवशी मी छत्री विसरले आणि ते ती घेऊन आले. मला खाली बोलावणं आलं. बघते तर जिन्याच्या पायथ्याशी ते उभे, छत्री काखेत आणि चपला काढून हातात घेतलेल्या. शिपाई म्हणत होता, "घाला हो काका, देऊळ नव्हे हे." त्यांनी घातल्या नाहीत. मला छत्री दिली आणि जिन्याकडे एकदा वर बघून विचारलं, "तू वर बसतेस?"

1975 मध्ये मुंडकार कायदा झाला. शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री होत्या. मुंडकाराला घरातून काढता येणार नाही, आणि घराखालची जागा विकत घेण्याचा हक्क त्याला मिळाला. त्या कायद्याची माहिती देणारा एक मराठी कागद माझ्या टेबलावर टाइप करायला आला. मूळ आणि पाच कार्बन. "मुंडकारास" हा शब्द मी पहिल्यांदा मारला तेव्हा मात्रा-वेलांटी काही नसताना माझी चूक झाली आणि अख्खं पान पुन्हा घालावं लागलं. संध्याकाळी फेरीत मी सहावी प्रत पर्समध्ये घालून नेली, तशी न्यायची नसते. वडिलांना अक्षरओळख बेताची. त्यांनी तो कागद कंदिलापाशी धरून नुसता बघितला आणि देवाच्या फळीवर ठेवला. पुढच्या वर्षी कूळ कायद्यात दुरुस्ती होऊन कसणाऱ्याला जमिनीचा हक्क आला. तोही याच इमारतीतून. काणकोण, सत्तरी, पेडण्याची माणसं पहाटेची बस धरून यायची आणि आमच्या व्हरांड्यात अर्ज घेऊन बसायची. काही जण माझ्या वडिलांसारखीच चपला काढून बसायची. हे सगळं "जुनं ऑफिस".

1986 च्या जुलैत मांडवीचा पूल कोसळला आणि सगळा बार्देश पुन्हा फेरीवर आला. मला काही फरक पडला नाही, मी फेरीचीच होते, पण रांग बघून छाती दडपायची. त्याच्या आगेमागेच भाषेचं आंदोलन. माणसं मेली त्यात. 4 फेब्रुवारी 1987 ला याच सभागृहात राजभाषा विधेयक मंजूर झालं: कोकणी राजभाषा, आणि मराठीचाही सरकारी कामात वापर. आमच्या खोलीत दोन्हीकडचे लोक शेजारशेजारच्या टेबलांना होते. डबे एकत्रच उघडले जायचे, पण आठवडाभर "मीठ दे" यापलीकडे कुणी बोललं नाही. मग एकीने तिसऱ्याच कुणाच्या लग्नाचा विषय काढला आणि सुटलो. मे महिन्याच्या 30 तारखेला गोवा राज्य झालं. पुढे आमदार तीसचे चाळीस झाले आणि सभागृहात खुर्च्या खेटून लावाव्या लागल्या.

2000 मध्ये विधानसभा पर्वरीला डोंगरावर गेली. आम्हीही गेलो. नवीन इमारतीत पंखे चांगले होते, जमीन फरशीची होती आणि रात्री कुणी चालत नव्हतं.

आता तुम्ही या काठावर उभे राहता तेव्हा पाहुण्यांची पाठ इमारतीकडे असते, कारण नदीत कॅसिनोची जहाजं आहेत आणि संध्याकाळी त्यांचे दिवे लागतात. त्यात तुमचा दोष नाही. पण एक करून बघा. पाहुण्यांना आधी बेतीला न्या आणि तिथून फेरीत चढवा. पायी माणसाला तिकीट नाही, तेव्हा कुणाचा खर्चही होत नाही. कठड्याशी उभं करा. नदीच्या मध्यावर आलात की पालास समोर दिसतो, कौलांची लांब ओळ, आणि मागे टेकडी. 1510 मध्ये भुकेल्या गलबतांवरून तो तिथूनच दिसत होता आणि माझ्या वडिलांना तिथूनच दिसत होता. काय सांगायचं ते तिथे सांगा. राण्या, भुयार, भूत, सगळं सांगा. मग धक्क्यावर उतरून चालत न्या आणि विधानसभेचं सांगा.

मी बहुतेक मंगळवारी येते, साडेचारच्या फेरीने. त्या साताऱ्याच्या आजी पुन्हा आल्या तर माझ्याकडे पाठवा. नदीकडची कितवी खिडकी माझी होती ते मी त्यांना बोटाने दाखवीन.

तुमची,
बेतीची एक निवृत्त टंकलेखिका